सोलरच्या तांब्याच्या पाइपला पेस्ट किती आणि कुठे लावायची? (सोल्डरच्या गोळ्या होताहेत)

गच्चीवरून | रविवार, दुपारी १:१०
नमस्कार मंडळी. मानेवाड्याला वडिलांनी बांधलेलं घर आहे. स्लॅबवर सोलरची टाकी आणि तिथून दोन बाथरूमना गेलेली तांब्याची लाइन. वर २२ मिमी, खाली १५ मिमी. गरम पाणी म्हणजे तांबंच, असा वडिलांचा हट्ट होता. आता दोन एल्बोंतून (पाइप वळवणाऱ्या जोडांतून) पाणी पाझरतंय. थेंब क्वचितच दिसतो, पण हिरवट ओघळ थेट भिंतीपर्यंत आलाय.

दोन प्लंबर येऊन बघून गेले. दोघांचंही एकच म्हणणं: तोडा, सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) टाका. पाइप भिंतीच्या आत आहे, टाइल्स फुटतील, म्हणून म्हटलं आपणच करून बघू. इतवारीत लोहा ओळीतल्या एका दुकानातून फिटिंग्ज, पेस्टची डबी, सोल्डर वायर (वितळवून जोड भरायची तार) आणि छोटा गॅस टॉर्च आणला.

काय केलं ते जसंच्या तसं सांगतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. पाइप पॉलिश पेपरने घासला. पेस्ट बोटाने भरपूर लावली, पावाला मस्का लावतात तशी, आत-बाहेर दोन्हीकडे. एल्बो बसवला आणि जोत नेमकी जोडावर धरली. पेस्ट आधी उकळली, मग पेटली, मग काळी पडली. वायर टेकवली तर सोल्डरच्या गोळ्या होऊन टपाटप खाली. एक चपलेवर पडली, पट्ट्याला भोक आहे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सगळीकडून सोल्डर चढलेलं दिसलं, म्हणून पाणी सोडलं. पाच मिनिटांत थेंब सुरू.

पेस्ट कमी पडली, जास्त झाली, की भलतीकडे लागली? बोटाने लावायची की ब्रशने? नेमकं कुठे चुकलं?

मुळामुठा | रविवार, दुपारी १:२५
प्लंबर बरोबर सांगतायत. सीपीव्हीसी टाका, विषय संपवा. २०२० नंतर तांबं कोण टाकतं?

तर्रीपोहा | रविवार, दुपारी १:३१
पुण्याचा सल्ला आला, म्हणजे धागा आता नीट सुरू झाला. पोहे घेऊन बसतो.

गच्चीवरून | रविवार, दुपारी १:४०
मुळामुठा, सीपीव्हीसी साधारण ९३ अंशांपर्यंत चालतं हे वाचलंय. पण नागपूरच्या मे महिन्यात, लग्नाच्या गावी आठ दिवस राहून आल्यावर सोलरचा नळ उघडून बघा एकदा. वाफच बाहेर येते. शिवाय खरा प्रश्न टाइल्सचा आहे. भिंतीतला पाइप ठणठणीत आहे, बिघडलेत ते फक्त वरचे दोन जोड.

कन्हानकाठ | रविवार, दुपारी ३:०५
भाऊ, मी तीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो. टाकीच्या खाली सीपीव्हीसी चालते, लोक टाकतात, त्यात खोटं काही नाही. पण दोन जोडांसाठी घर फोडायला काहून सांगायचं? आजकाल पोट्ट्यांना डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, लावता येत नाही, म्हणून तोडायला सांगतात.

तुमचं पहिलं चुकलं ते मस्का. पेस्ट म्हणजे डिंक नाही. पेस्टने पाइप चिकटत नाही, चिकटवते ती सोल्डर. पेस्टचं काम एवढंच, की गरम होताना तांबं पुन्हा काळं पडू नये आणि सोल्डर त्याच्यावर पसरावी. त्याला पातळ हात पुरतो. उन्हात घाम आल्यावर कपाळ चमकते ना, तेवढंच तांबं चमकलं पाहिजे. पांढरा थर दिसला म्हणजे जास्त झालं.

दुसरं, बोट. आधी घासून तांबं गुलाबी करायचं आणि मग त्यालाच बोट लावायचं, म्हणजे आंघोळ करून चिखलात बसल्यासारखं. हाताचं तेल लागते. शिवाय तेच बोट डोळ्याला लागलं तर बम आग होते. दहा रुपयांचा ब्रश घ्या, केस अर्धे कापून आखूड करा.

आता कुठे लावायची. पाइपचं जेवढं टोक फिटिंगमध्ये जाते तेवढ्यावर गोल फिरवून लावायची, फक्त अगदी शेवटचे दोन-तीन मिमी कोरडे सोडायचे. का, तर पाइप आत ढकलला की फिटिंगमधली पेस्ट खरवडून पुढे जाते आणि पाइपच्या पोटात पडते. म्हणून फिटिंगच्या आतल्या बाजूला नावापुरतीच लावा. पाइप फिरवत फिरवत पूर्ण तळाला टेकेपर्यंत बसवा, म्हणजे पेस्ट सारखी पसरते. बाहेर आलेली चिंधीने पुसा. ती पुसली नाही, तर सोल्डर बाहेर जिथवर पेस्ट तिथवर धावते, आणि मग जोडाला मिशा येतात.

जोतीचं रात्री लिहितो, एक काम आलं.

वायगावची_हळद | रविवार, सायंकाळी ५:५०
कन्हानकाठ दादा, मस्त सांगितलंत. मला यात वेगळंच आठवलं. आमच्या आजीकडे दिवाळीआधी कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी लावायचा आणि आम्ही पोरं भात्याभोवती. पातेलं लाल व्हायच्या आत तो कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड आत फिरवायचा. भसकन पांढरा धूर, नाकात झणका. लगेच कथलाची कांडी टेकवून बोळा एक गरकन फिरवला, की काळं पातेलं आरशासारखं. आजी ओरडायची, “नवसागर जपून टाक रे, जास्त झाला की चव लागते.” ही पेस्ट म्हणजे तोच प्रकार का?

खडूफळा | रविवार, सायंकाळी ६:४०
हळदताई, तोच प्रकार. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, पण मुलांना हा धडा कल्हईवाल्यानेच माझ्याहून चांगला शिकवला असता.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात, वर जाऊन पुन्हा एकत्र येतात, तोच तुमचा पांढरा धूर. तांब्यावरचा काळा थर म्हणजे ऑक्साइड. क्लोराइड त्याला खाऊन त्याचं तांब्याचं क्लोराइड करतं, ते वितळून बाजूला सरतं आणि उघड्या तांब्याला कथील धरतं. ऑक्साइडवर कथील कधीच धरत नाही. अळवाच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतो तसं घरंगळतं. गच्चीवरून यांच्या चपलेवर पडलं ते हेच.

प्लंबिंगच्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा जस्ताचं क्लोराइड आणि नवसागर दोन्ही असतात, व्हॅसलिनसारख्या चरबट पदार्थात कालवलेले. हे दोन एकत्र आले की १८० अंशांच्या आसपास वितळतात, दोघांच्या एकेकट्याच्या तापमानाच्या बरंच खाली. जुनं ६०/४० कथील-शिशाचं सोल्डर १८३ ला वितळायला लागतं. म्हणजे सोल्डर यायच्या जरासं आधी पेस्ट वितळून झाडलोट करून ठेवते. तुम्ही मात्र जोत थेट पेस्टवर धरलीत. सोल्डर यायच्या आधीच ती जळून कोळसा झाली, आणि तिच्याखाली तांबं पुन्हा ऑक्साइडने झाकलं गेलं. मग वर कितीही वायर लावा.

आजीचं म्हणणंही खरं. उरलेलं क्लोराइड पाण्यात उतरतं, आणि पाइपमध्ये राहिलं तर तांबं खात बसतं. तुमच्या भिंतीवरचा हिरवा ओघळ तांब्याच्या क्षारांचाच आहे.

निळी_ज्योत | रविवार, रात्री ८:१५
मी हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनचं काम करते. आमच्याकडे सोल्डर नाही, ब्रेझिंग. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरस असलेली कांडी वापरतो, तिला वेगळी पेस्ट लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. आतून नायट्रोजन सोडतो, म्हणजे पाइपच्या पोटात काजळी धरत नाही. पितळेला जोडायचं असेल तेव्हाच पावडर. हे सगळं ७०० अंशांच्या वरचं काम आहे, घरच्या टॉर्चने होणार नाही. सांगायचं कारण, एसीवाल्याला बोलावून “तुझ्याकडची कांडी लाव” असं कोणी सुचवेल. २२ मिमीच्या पाण्याच्या लाइनला एवढ्या उष्णतेची गरज नाही, आणि जवळचा व्हॉल्व्ह जाईल तो वेगळाच.

पण गच्चीवरून, मला दुसरीच शंका आहे. डबीतल्या पेस्टचा रंग कोणता? वास कसा?

गच्चीवरून | रविवार, रात्री ८:३२
तपकिरी-पिवळी, मधासारखी. वास देवळात धूप लावल्यासारखा. डबीवर मोबाइलच्या सर्किटचं चित्र आहे. दुकानदार म्हणाला, सोल्डरला हीच लागते.

निळी_ज्योत | रविवार, रात्री ८:३६
सापडलं. ती राळेची पेस्ट आहे, रेडिओ-मोबाइलवाल्यांची. सर्किटची बारीक तार आधीच बऱ्यापैकी स्वच्छ असते, तिला राळेचा सौम्यपणा पुरतो. आणि सौम्यच हवा, नाहीतर उरलेली पेस्ट सर्किट खाईल. दहा वर्षं उन्हात तापलेल्या पाइपपुढे राळ म्हणजे ओढ्याच्या पुराला उपरणं आडवं धरणं. प्लंबिंगची वेगळी घ्या. उलटंही लक्षात ठेवा: प्लंबिंगची पेस्ट चुकूनही टीव्हीच्या बोर्डाला लावू नका.

वायरही बघा. जाडी किती, आत राळ भरलेली आहे का?

गच्चीवरून | रविवार, रात्री ८:५०
एक मिमी, ६०/४०, आत राळ. सगळंच सर्किटवाल्याचं सामान घेऊन मी प्लंबर झालो होतो म्हणायचं.

खडूफळा | रविवार, रात्री ९:२०
त्या जाडीवरून गंमत म्हणून हिशेब केला. १५ मिमी पाइप, साधारण १२ मिमी खोली आणि मधली फट ०.१ मिमी धरली, तर भरायची जागा ५६ घन मिमीच्या आसपास. तीन मिमी जाडीच्या वायरचे आठ मिमी पुरले. वाया जाणारं धरून प्लंबर लोक पाइपच्या व्यासाएवढी वायर घेतात, म्हणजे १५ ला १५ मिमी. तुमच्या एक मिमीच्या वायरचे तेवढ्याच फटीला ७२ मिमी लागतील. नऊपट. तोवर पेस्टचा जीव गेलेला असतो.

आणि ६०/४० मध्ये ४० टक्के शिसं. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर शिशाचं सोल्डर १९८६ मध्येच बंद केलं. तुमची लाइन आंघोळीची असली, तरी पोरं त्याच नळाखाली चूळ भरतात. बिनशिशाची, कथील-तांबं अशी वायर मागा. ती २२७ च्या पुढे वितळते, तेव्हा थोडा जास्त धीर धरावा लागेल.

कन्हानकाठ | रविवार, रात्री १०:१०
मास्तर आणि ताई, दोघांनी माझं अर्धं काम केलं. आता जोतीचं.

जोत पेस्टवर नाही, फटीवर नाही. आधी पाइपवर थोडी फिरवा, मग फिटिंगच्या पोटावर धरा, सारखी हलवत. वायर धरायची ती जोतीच्या विरुद्ध बाजूला, फटीच्या तोंडाशी. जोतीने वायर वितळवायची नाही, तापलेल्या तांब्याने वितळली पाहिजे. पेस्ट आधी पाणी होते, मग बारीक फसफसते, आणि जोतीच्या कडेला हिरवी झाक येते. तेव्हा वायर टेकवून पाहा. नाही वितळली तर मागे घ्या, आणखी तापवा. वितळली की जोत लगेच बाजूला. मग पाहा मजा: सोल्डर आपोआप आत ओढली जाते, उभ्या जोडात खालून वरसुद्धा चढते. दिव्याची वात तेल ओढते तशी. गोल चमकदार कडा आली की थांबा. पेस्ट काळी झाली तर त्याच जोडावर हट्ट करू नका. काढा, घासा, पुन्हा नव्याने लावा. जळक्या पेस्टवर नवी पेस्ट थापून आजवर कोणाचाही जोड झाला नाही.

आणि एक आपल्या नागपूरचं. दुपारी काम करू नका. ऊन ४४-४५ असलं की डबीतली पेस्ट तेलासारखी पातळ होते. ब्रशने उचलली की टपकते, पाइप उभा असला तर ओघळून आत जाते. माझा चेला एकदा डबीच स्लॅबवर उघडी ठेवून जेवायला गेला होता. परत आला तर वर तेल अन खाली गाळ. सकाळी सहा ते आठ, नाहीतर डबी ओल्या फडक्यात.

मुळामुठा | रविवार, रात्री १०:४०
वरचे प्रतिसाद वाचून सीपीव्हीसीचा आग्रह मागे घेतो. चुलत्याच्या घरी तांब्याची लाइन आहे आणि तिथेही हिरवे डाग आहेत. वाचनखूण साठवली.

तर्रीपोहा | रविवार, रात्री १०:४४
पुण्याने माघार घेतली! या धाग्याची तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

गच्चीवरून | बुधवार, सकाळी ९:३०
अपडेट. आधी चौथ्या प्रयत्नाचा तो गळका एल्बो कापून काढला आणि हॅक्सॉने उभा चिरला. फोटो टाकता येत नाहीये, शब्दांत सांगतो. बाहेरून कडेला सोल्डरचं छान कडं, कोणालाही वाटेल झकास जोड. आत मात्र फक्त पहिले दोन मिमी चांदीसारखे. त्याच्या पुढे करपलेल्या साखरेसारखा तपकिरी-काळा पट्टा, नखाने टिचकी मारली तर खपली निघाली. एका बाजूला त्या काळ्यातूनच केसाएवढी वाट फटीच्या टोकापर्यंत गेलेली. पाणी तिथूनच येत होतं. आणि सगळ्यात आत, जिथे पाइप टेकतो तिथे, माझा मस्का. गोळाभर, जसाच्या तसा.

मग दहा वर्षांपूर्वीचा, हिरवा ओघळवाला एल्बोही चिरला. त्यात सोल्डर बरंच आत गेलेलं आहे, पण पाइपच्या खालच्या अंगाला, आतून, पेस्ट ओघळून सुकल्याची हिरवी रेघ आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन खड्डे. एक आरपार. म्हणजे ज्याने तेव्हा काम केलं त्याचा जोड बरा होता, पण पेस्टच्या बाबतीत तोही माझाच भाऊ.

खडूफळा | बुधवार, सकाळी १०:०५
हा चिरलेला एल्बो फेकू नका. कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल.

गच्चीवरून | शनिवार, सकाळी ८:२०
झालं एक! साडेपाचला उठलो. नवी पेस्ट (पांढरट, दर्प असलेली), तीन मिमी बिनशिशाची वायर, केस कापलेला ब्रश. टाकीचा कॉक बंद करून खालचे नळ उघडे ठेवले. मुलीने बादली आणि ओलं पोतं घेऊन पहारा दिला, कारण शेजारी प्लास्टिकची टाकी आहे.

पाइप घासला, एल्बोच्या आतून बाटली धुवायच्या छोट्या तारेच्या ब्रशने घासलं. पेस्ट इतकी कमी लावली की बायको म्हणाली, लावायची विसरलास का? पाइप फिरवून बसवला, पुसला. जोत एल्बोच्या पाठीवर. साधारण अर्ध्या मिनिटात पेस्ट पाणी झाली, हिरवी झाक दिसली. वायर टेकवली तर नुसती वाकली. कन्हानकाठ दादांचा आवाज कानात आला, मागे घेतली. पुन्हा टेकवली आणि ती गेली. खरंच आत गेली! बाजूने गोल फिरून दुसऱ्या टोकाला चमकदार रेघ आली, मी तिथे वायर लावलेलीही नसताना. त्या क्षणाला मी गच्चीवर एकटाच ओरडलो, शेजारचे काका ब्रश तोंडात घेऊन बाहेर आले.

हात न लावता आपोआप गार होऊ दिलं, मग ओल्या फडक्याने पुसलं. पाणी सोडून दहा मिनिटं नुसतं वाहू दिलं, आत राहिलेली पेस्ट धुऊन जावी म्हणून. दोन तास झाले, फडकं कोरडं आहे.

वायगावची_हळद | शनिवार, सकाळी ८:४५
अभिनंदन! आमच्या कल्हईवाल्याच्या वतीने एक पातेलं तुम्हाला बक्षीस.

निळी_ज्योत | शनिवार, सकाळी ९:१०
छान. दुसऱ्या एल्बोजवळ बॉल व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा आणि त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळा. आतली पांढरी रिंग तापली की व्हॉल्व्ह नंतर कधीच नीट बंद होत नाही.

गच्चीवरून | शनिवार, सकाळी ९:३०
व्हॉल्व्ह आहेच, आणि घोळही तिथेच. तो टाकीच्या बाजूला आहे, नीट बंद होत नाही. थेंब थेंब पाणी येतच राहतं. आज त्या एल्बोवर जोत धरली तर आत फसफस आवाज आणि पेस्ट तापायचं नावच घेईना. सोडून दिलं. पेस्ट लावून ठेवलीय, उद्या सकाळी पुढचं करू का?

कन्हानकाठ | शनिवार, सकाळी ९:५५
लावलेली पेस्ट आत्ताच पुसून टाका, रात्रभर ठेवू नका. तांबं खाते ती. उद्या घासण्यापासून पुन्हा सुरू करा.

पाण्याचं औषध सोपं आहे. पाइपमध्ये पाणी असेपर्यंत तांबं १०० अंशांच्या पुढे जात नाही, सगळी जोत वाफ करण्यात जाते. पावाचा गोळा करून पाइपमध्ये हातभर आत दाबून बसवा. तेवढ्या वेळात पाणी तोच पिऊन घेते. जोड झाला की पाणी सोडा, पाव विरघळून नळातून निघून जातो.

तर्रीपोहा | शनिवार, सकाळी १०:००
पाव कशाला, माझ्याकडे पोहे आहेत.

गच्चीवरून | शनिवार, सकाळी १०:०४
पाव आणला. उद्या साडेपाचला.

कन्हानकाठ | शनिवार, सकाळी १०:१२
पावाच्या कडा काढून घेजा भाऊ. मधला मऊ भागच घ्या, कडा विरघळत नाही. अन पाणी सोडायच्या आधी बाथरूमच्या नळाची जाळी खोलून ठेवा, नाहीतर सोमवारी नवा धागा काढाल.